टपाल बदलावे, दप्तर हरवू नये

झाशीच्या तटबंदीतील लक्ष्मी गेटमधून बाहेर पडले की महालक्ष्मीचे मंदिर आणि लक्ष्मी ताल लागतो. निवृत्तीनंतर माझे वास्तव्य याच भागात आहे. मध्यंतरी शेजारच्या मराठी कुटुंबातील पस्तिशीचा एक तरुण सायंकाळी घरी आला. एका केंद्रीय कार्यालयात तो लिपिक आहे. ‘काका, सोमवारपासून ई-मेलचा जुना प्रोग्राम बंद होतोय. नवा कसा वापरायचा, ते शिकवलं. पण माझ्या संगणकात बारा वर्षांची टपालं आहेत. त्यांचं काय करायचं, हे परिपत्रकात कुठंच नाही.’ प्रश्न साधा होता. मात्र तो त्याच्या वरिष्ठांना पडायला हवा होता.

गेल्या काही वर्षांत केंद्र सरकारने आपली ई-मेल व्यवस्था राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जुन्या प्रणालीवरून ‘झोहो’ या भारतीय कंपनीच्या मंचावर नेली. २०२३ मध्ये सात वर्षांचे कंत्राट दिले गेले आणि सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या पेट्या हलवल्या गेल्या. पत्त्याच्या शेवटचे सरकारी नाव तेच राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी स्वतःचा पत्ताही तेथे नेल्याचे जाहीर केले, तेव्हा या विषयाची सार्वत्रिक चर्चा झाली. त्याच महिन्यात जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने ‘आउटलुक’ सोडून ‘थंडरबर्ड’ व ‘ओपन-एक्सचेंज’ यांवर जाण्याचे काम पूर्ण केल्याचे सांगितले. तेथे ४० हजारांहून अधिक टपालपेट्या आणि १० कोटींहून अधिक संदेश व दिनदर्शिकेतील नोंदी हलवण्यात आल्या. परक्या कंपन्यांवरील अवलंबित्व कमी करणे, हा दोन्हीकडील चर्चेचा मध्यवर्ती मुद्दा होता. तो रास्तच आहे. पण दप्तर कोणाच्या घरात आहे, या प्रश्नाइतकाच ते पंचवीस वर्षांनी कोणाला वाचता येईल, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

याची किंमत मी स्वतः पाहिली आहे. दोन दशकांपूर्वी मी ज्या कार्यालयाचा प्रमुख होतो, तेथे एका प्रकल्पग्रस्त गावाच्या खातेदारांची यादी आली होती. पहिली यादी कागदावर आली व नस्तीत लागली. तीत अकरा कुटुंबे सुटली होती. दुरुस्त यादी ई-मेलने आली. ती लिपिकाने वाचली, पण छापून नस्तीत लावली नाही. पुढे संगणक बदलले, ई-मेलचा प्रोग्रामही बदलला. काम समाधानकारक झाल्याच्या प्रमाणपत्रावर मी सही केली. पाठवणाऱ्या कार्यालयातही तोवर तशीच अदलाबदल झाली होती. नस्तीत उरली ती चुकीची यादी. त्या अकरा कुटुंबांना आपण त्या गावचेच आहोत, हे पुन्हा सिद्ध करायला तीन वर्षे लागली. कोणी लबाडी केली नव्हती, कोणी लाच घेतली नव्हती. एक फाइल नव्या यंत्रावर उतरवायची राहून गेली होती, इतकेच. त्या प्रमाणपत्रावरची सही मात्र माझी होती.

हे घडते कसे, तेही समजून घ्यावे. जुन्या पद्धतीत टपाल सर्व्हरवरून कार्यालयीन संगणकात उतरवले जाई आणि सर्व्हरवरील प्रत बहुधा पुसली जाई. नव्या पद्धतीत मूळ प्रत सर्व्हरवर राहते आणि संगणकावर केवळ तिचे प्रतिबिंब असते. सरकार सर्व्हर बदलते तेव्हा सर्व्हरवरचे टपाल हलते. लिपिकाच्या संगणकात साठलेले हलत नाही. शिवाय प्रत्येक प्रोग्रामची साठवण्याची रीत निराळी. थंडरबर्ड साधारणतः ‘एमबॉक्स’ या खुल्या, अनेक प्रोग्रामना वाचता येणाऱ्या स्वरूपात साठवतो. आउटलुकची ‘पीएसटी’ फाइल दुसरीकडे नेण्यासाठी आधी रूपांतरित करावी लागते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. मोडी लिपी व्यवहारातून गेली, तेव्हा पेशवे दप्तरातील रुमाल जागच्या जागी राहिले. ते वाचणारे विरळ झाले. झाशीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १८५८ च्या लढाईत आणि त्यानंतरच्या लुटीत या शहराने ग्रंथालय गमावले. त्या दिवसांचे जे मराठी साक्षीपत्र आपल्या हाती आहे, ते विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे ‘माझा प्रवास’. मूळ मोडीतील हा मजकूर चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, तो फेरफार करून. मूळ हस्तलिखित जपले गेले होते, म्हणूनच दत्तो वामन पोतदार यांना १९६६ मध्ये अस्सल पाठ वाचकांपुढे ठेवता आला. स्थलांतरात बदल होतात. मूळ हाताशी असेल तर ते दुरुस्त करता येतात.

कायद्याचीही वानवा नाही. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ च्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेले साहित्य स्पष्टपणे येते. विहित रीतीवाचून अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. प्रत्येक अभिलेख-निर्मात्या कार्यालयात अभिलेख अधिकारी असावा, असेही तो सांगतो. मात्र ई-मेल बदलण्याच्या बैठकीला तंत्रज्ञ बोलावला जातो, ठेकेदार बोलावला जातो. अभिलेख अधिकाऱ्याची आठवण कोणाला होत नाही.

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर टपालाची मोजदाद व्हावी आणि फरकाचा हिशेब लेखी द्यावा. संगणकांत साठलेले टपाल शोधून त्याची मूळ प्रत व खुल्या स्वरूपातील प्रत, दोन्ही जपाव्यात. जुना प्रोग्राम किमान काही काळ केवळ वाचण्यापुरता उपलब्ध ठेवावा. आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर तंत्रज्ञाबरोबर अभिलेख अधिकाऱ्याचीही सही असावी. सात वर्षांच्या कंत्राटाची मुदत कधीतरी संपणारच. तेव्हा सर्व दप्तर कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे आजच ठरलेले असले पाहिजे. कंपनी स्वदेशी आहे, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही.

त्या तरुणाला मी सांगितले, ‘सोमवारची वाट पाहू नकोस. टपाल किती आहे ते मोज, आकडा लिहून वरिष्ठांना दे आणि पोच घे.’ दोन दिवसांनी तो येऊन सांगून गेला. एकवीस हजारांहून अधिक टपाले निघाली होती. साहेबांनी पत्र वाचले आणि जुना संगणक पुसण्याचे काम थांबवले. त्याच्या टेबलाशेजारी तसे आणखी सात संगणक आहेत. ते अजून कोणी मोजलेले नाहीत.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)