मुसीत वाहते कुणाचे पाणी?

‘गंडीपेटचं पाणी प्यालेला हैदराबाद सोडत नाही’, असे बरकतपुऱ्यातली जुनी मराठी मंडळी अजून सांगतात. आता मात्र या शहराची तहान मुख्यतः कृष्णा, गोदावरी आणि मांजरा भागवतात. म्हणजे महाबळेश्वर, त्र्यंबकेश्वर आणि बीडचा बालाघाट. मग घरची मुसी काय करते?

विकाराबादजवळच्या अनंतगिरीत उगम पावून सुमारे 240 किलोमीटरवर वाडपल्लीला कृष्णेस मिळणारी ही मुळात पावसाळी नदी. उन्हाळ्यात खडक उघडे, पावसाळ्यात भरवसा नाही. 28 सप्टेंबर 1908 रोजी वरचे दोनशेहून अधिक तलाव फुटले आणि शहरात सुमारे 15,000 माणसे गेली. अफझलगंजच्या चिंचेवर चढलेले दीडशे जण वाचले, असे सांगतात.

भूमध्य समुद्राकाठच्या नद्यांचा स्वभावही असाच लहरी. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाने तर 1957च्या पुरानंतर तूरिया नदीच शहराबाहेर वळवली. जुन्या पात्रात आज बाग आहे. हैदराबादने विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पाणी वरच अडवले: 1920 साली मुसीवर उस्मानसागर (हेच गंडीपेट), 1927 साली ईसीवर हिमायतसागर. पूर आवरला, पिण्याचे पाणीही मिळाले; खालच्या पात्राला मात्र हक्काचे पाणी उरले नाही.

ती जागा सांडपाण्याने भरली. बरकतपुऱ्याजवळच्या अंबरपेटेत दिवसाला 339 दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र आहे, तरी काळे पाणी आणि फेस पुढे जातोच. हंगामी नदी बारमाही झाली ती अशी.

आणि त्या पाण्यावर माणसे जगतात. शहराच्या खाली काठाने पॅरा गवताची हिरवीगार शेते आहेत. भाताला न मानवणारे खारवट पाणी हे गवत सोसते, वर्षभर पुन्हापुन्हा कापता येते आणि म्हशीवाले ते रोख पैसे देऊन नेतात. दूध परत शहरातच येते. नदीकाठाच्या सुशोभीकरणाच्या गप्पांत हे गवतवाले मला फारसे दिसत नाहीत. त्यांना पाणी हवे, पण रसायनांचे नको. कारखान्यांचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू न देणे, हे घाट बांधण्याआधीचे काम आहे.

शेतांतून उरलेले पाणी वाडपल्लीला कृष्णेत जाते. त्यातले काही तिचेच असते: नागार्जुनसागरातून उपसून शहराने वापरलेले आणि धरणाच्या खालच्या अंगाला परत दिलेले.