ते पहिले दीडशे रुपये

‘तीन व्हिडिओ लाइक केले आणि दीडशे रुपये खरंच खात्यात पडले. खोटं असतं तर पैसे कशाला दिले असते?’ परभणीच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा असो की सेलूत घर सांभाळून दोन पैसे मिळवू पाहणारी बीए झालेली सून, घरबसल्या कामावरचा वाद याच प्रश्नावर येऊन अडतो. सगळ्यात महागात पडणारा गैरसमजही हाच आहे.

ते दीडशे रुपये मजुरी नसतात, तो धंद्याचा खर्च असतो. बहुतेक वेळा ते दुसऱ्या कुणाच्या लुटीतूनच आलेले असतात. पैसे कुणाच्या नावाने आले एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. पहिल्यांदा एका अनोळखी माणसाच्या खात्यातून, दुसऱ्यांदा भलत्याच राज्यातल्या दुसऱ्याच्या. कुठलीही कंपनी पगार असा वाटत नाही.

पुढचा क्रम ठरलेला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणारी ‘रिसेप्शनिस्ट’ तुम्हाला टेलिग्रामवर ‘मेंटॉर’कडे सोपवते. तिथल्या ग्रुपात रोज कुणीतरी कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतं. ही मंडळी फसवणाऱ्या टोळीचीच असतात. मग ‘प्रीपेड टास्क’ येतो: हजार भरा, तेराशे घ्या. तेराशे येतात. नंतर पाच हजार, तीस हजार. वेबसाइटवर तुमच्या नावापुढे लाखाचा आकडा दिसतो, पण काढायला गेलात की ‘टास्क चुकला’, ‘क्रेडिट स्कोअर घसरला’, ‘आधी कर भरा’. तो लाख म्हणजे त्यांनी पडद्यावर टाइप केलेली संख्या, बाकी काही नाही. आणि इथेच माणूस सर्वांत जास्त पैसे भरतो, कारण आता त्याला कमवायचं नसतं, अडकलेले सोडवायचे असतात. अशा माणसाला लोभी म्हणणं सोपं आहे, पण त्या क्षणी त्याला पोखरत असते ती भीती.

‘फेसबुकवर जाहिरात होती, म्हणजे तपासूनच लावली असेल’ असंही अनेकांना वाटतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा टास्क आणि गुंतवणुकीच्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्याचं जाहीर केलं, तेव्हा पद्धतही सांगितली होती. ‘घर बैठे जॉब’ असे शब्द वापरून, अनेक भाषांत, गुगल आणि मेटावर परदेशातून पैसे देऊन जाहिराती लावल्या जात होत्या. रोख होता निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुणांवर. गोळा झालेला पैसा भाड्याच्या खात्यांतून फिरून क्रिप्टो आणि परदेशी एटीएममार्गे बाहेर जात होता. पलीकडे मेसेज टाइप करणारा माणूसही कधीकधी नोकरीच्या आमिषाने फसलेलाच असतो. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या, लोकांना असे मेसेज करायला लावणाऱ्या अड्ड्यांतून सुटलेल्या २८३ भारतीयांना हवाई दलाच्या विमानाने एका खेपेत परत आणलं गेलं.

हे सगळं मोबाइल स्वस्त झाल्यावर सुरू झालं, असंही नाही. ‘स्पीक एशिया’ आठवते? सिंगापूरचं नाव सांगणाऱ्या या कंपनीने वर्षाला ११,००० रुपये घेऊन आठवड्याला दोन ऑनलाइन सर्वेक्षणं भरायला दिली. सुरुवातीला पैसे मिळाले, म्हणून लोकांनी पाहुण्यारावळ्यांना जोडलं. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत गुन्हा नोंदला गेला, तोवर सदस्यांचा आकडा वीस लाखांच्या वर गेला होता.

डाटा एन्ट्रीची गोष्ट जरा वेगळी आणि आपल्या भागात जास्त लागू पडणारी. ‘मराठी ३०, इंग्रजी ४०’ टायपिंग आणि एमएस-सीआयटी घराघरात झालेली आहे. त्यामुळे ‘पीडीएफ पाहून टाइप करा’ ही जाहिरात थेट काळजाला भिडते. पण छापील पानाचं अक्षर मोफत सॉफ्टवेअर काही सेकंदांत उचलतं. मग त्याच्या एका पानाला शे-दीडशे रुपये कोण देईल, आणि का? या कामात कमाई टायपिंगवर नसतेच, ती ‘करारा’वर असते. स्टॅम्प पेपरवर सही घेतात, काम जमा झालं की ‘अचूकता कमी भरली’ सांगतात, आणि कुणा वकिलाच्या नावाने नोटीस येते: दंड भरा, नाहीतर अटक. वस्तुस्थिती अशी की ठरलेलं टायपिंग पूर्ण न होणं हा गुन्हाच नाही. झालाच तर तो दिवाणी वाद. करारात लिहिलेला दंडही कोर्ट जसाच्या तसा देत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच बोलतं, आणि ती मागायलाही समोरच्याला खऱ्या नावानिशी कोर्टात उभं राहावं लागतं. तो उभा राहत नाही.

घरबसल्या पेन्सिल पॅकिंगच्या जाहिरातींतही फसवणूकच. ब्रँड खरा, कंपनी खरी, फोनवरचा माणूस तेवढा खोटा. त्यामुळे ‘कंपनी नोंदणीकृत आहे का’ हे पाहून भागत नाही. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून, या माणसाला तुम्ही ओळखता का, असं विचारावं लागतं.

इतकं ऐकल्यावर ‘घरबसल्या काम म्हणजे सगळी लबाडीच’ असं वाटणं साहजिक आहे, पण तेही चूक. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापड घरबसल्या कामावरच उभा राहिला. भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, लाटलेले पापड आणून द्यायचे, वजनावर ‘वणाई’, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची. नव्या जमान्यातलं उदाहरण हवं तर ‘कार्या’ ही बंगळुरूची ना-नफा संस्था पाहा. संगणकाला आपल्या भाषा शिकवण्यासाठी लागणारे आवाज ती खेड्यांतल्या लोकांकडून मोबाइलवर वाक्यं वाचून घेऊन जमवते आणि त्याचे पैसे देते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या ज्या प्रकल्पातून ती उभी राहिली, त्यात मराठीचंही काम झालं होतं. ऑनलाइन शिकवणी, सीएच्या कार्यालयासाठी टॅलीच्या नोंदी, भाषांतर, कंपन्यांची ग्राहकसेवा ही कामं परभणीत बसून होऊ शकतात. फक्त ती कंटाळवाणी असतात, आधी चाचणी-मुलाखत होते, आणि ‘तासाला हजार, अनुभव नको’ असं कुणी म्हणत नाही. नोंदणीसाठी केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयम् ही संकेतस्थळं मोफत आहेत. जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार केंद्रातही त्याचे पैसे पडत नाहीत.

एका ‘कामा’बद्दल मात्र बिलकूल घासाघीस नको. ‘खातं आणि सिमकार्ड महिनाभर वापरायला दे, काही हजार घे’ ही मागणी कॉलेजातल्या पोरांपर्यंत पोचते. त्या खात्यात कुणाची तरी लुटलेली रक्कम येणार असते, आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. ‘मला काय माहीत’ एवढ्यावर सुटका होत नाही. भाड्याची खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणालीही बनवली आहे.

पैसे गेलेच, तर ‘आता काय उपयोग’ म्हणून गप्प बसू नये. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरच्याचं खातं, चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवावेत, ग्रुप डिलीट करू नये. तक्रार लवकर पोचली, तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँका ती गोठवू शकतात. गंगाखेड-जिंतूरहून त्यासाठी परभणी गाठायची गरज नाही. जवळच्या ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार होते. तीन दिवसांत कळवलं की बँक सगळे पैसे देते, हे अर्धसत्य आहे. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना तो लागू पडत नाही. आणि तक्रारीनंतर आठवड्याभरात ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला, तर तो बहुधा त्याच टोळीचा असतो. तुमचा नंबर आणि तुम्ही किती गमावलंत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?