नंबर लागेपर्यंत गोळी बंद ठेवू नका

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही मागच्या बाजूला सतरंजी टाकून बसतो. सोबत बीपीचे यंत्र, वजनकाटा आणि नोंदीची वही. एरवी समोर येतात त्या साठीच्या आजीबाई. पण आरटीईचे फॉर्म सुटले की रांगेत पंचविशी-तिशीच्या आया दिसू लागतात. कुणाचे डोके ठणकते, कुणाला पित्त झालेय, कुणाला रात्रभर झोप नाही. काय झाले विचारले की आधी "काही नाही ताई" म्हणतात. मग हळूच मोबाईल पुढे करतात. "पोराचा फॉर्म भरलाय. मेसेज आला का बघा ना."

यंदा अशीच एक आई आली. चार घरची धुणीभांडी करणारी. बीपी १६८/१०२. गोळ्या चालू होत्या, महिन्यापासून बंद. महापालिकेच्या दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, मग बंद का केल्या? ती म्हणाली, "सिस्टर, गोळ्या आणायच्या म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा. खाडे मी कागद तपासायच्या दिवसासाठी राखून ठेवलेत. एकदा नंबर लागू द्या, मग सुरू करते."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. कारण ती बेफिकीर नव्हती. तिने पुरता हिशेब मांडला होता, फक्त त्यात स्वतःला धरले नव्हते.

वाट पाहताना शरीरात काय होते

संकट आले की शरीर तयारीला लागते. हृदय जोरात धडधडते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर वाढते. तासाभरासाठी हे चांगलेच. पण फॉर्म, लॉटरी, पडताळणी, प्रतीक्षा यादी असे आठवड्यांमागून आठवडे जातात आणि शरीर तयारीतच राहते. मग झोप उडते, जेवणाच्या वेळा चुकतात, छातीत जळजळते. ज्यांना आधीच बीपी किंवा साखर आहे त्यांचे आकडे हलतात. बापांची तंबाखूची पुडी दिवसाला एकाच्या जागी तीन होते, कुणाची बंद झालेली बाटली पुन्हा उघडते. लेकरे काही बोलत नाहीत, पण पोट दुखते म्हणतात, अंथरूण ओले करू लागतात, विनाकारण चिडतात. घरातला ताण त्यांना आपल्याआधी कळतो.

ही जागा उपकाराची नाही

ताण वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आपण काहीतरी मागायला गेलो आहोत ही भावना. ती आधी काढून टाकू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळल्या आहेत. बाकीच्या शाळांत प्रवेश मिळालेल्या मुलाचे शिक्षण आठवीपर्यंत मोफत.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. आपल्या वस्त्यांच्या जवळ महापालिकेची शाळा असतेच, म्हणजे दार जवळजवळ बंदच. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो नियम रद्द केला. तोवर शाळा सुरू होऊन महिना झाला होता. त्या उन्हाळ्यात आयाबाया रोज विचारायच्या, "आता घालू का पोराला दुसरीकडे?" लढून हक्क परत मिळाला, पण त्या लढ्याची किंमत कुणाच्या झोपेने, कुणाच्या बीपीने मोजली, हेही आम्ही आमच्या वहीत पाहिले.

हातात आहे ते करा

चिंता कमी करायची तर जे आपल्या हातात आहे ते पुरे करावे आणि जे नाही ते सोडावे.

कागद एका पिशवीत ठेवा. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा. जातीच्या दाखल्यावर वंचित घटकातून अर्ज केला असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यासाठी तहसील कार्यालयात हेलपाटे घालू नका. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो. घरमालकाने कोऱ्या कागदावर लिहून दिलेले चालत नाही. फॉर्म भरताना नकाशावर घराची खूण बरोबर पडली का, हे दोनदा बघा. त्यावरच शाळेचे अंतर ठरते आणि चुकले तर लागलेला नंबरही जातो.

मेसेजवर विसंबू नका. मोबाईल बंद असतो, नंबर बदललेला असतो. अर्ज क्रमांक टाकून संकेतस्थळावर स्वतः बघा, पण दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी. रात्री दोनला उठून बघितल्याने यादी लवकर लागत नाही. निवड यादीत नाव नसेल तर प्रतीक्षा यादी बघा. पहिल्या फेरीत रिकाम्या राहिलेल्या जागा त्या यादीतून भरतात.

"नंबर लावून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. लॉटरी संगणकावर निघते. तो दहा जणांकडून पैसे घेतो, दोघांचे नंबर आपोआप लागतात आणि ते आपणच लावले असे सांगतो. मूळ कागद तर त्याच्या हाती मुळीच देऊ नका.

आणि काही घरे लॉटरीची वाट न बघता फी भरून खासगी शाळेत घालायची तयारी करतात. तिथे आईबापाची मुलाखत, लेकराची परीक्षा असे प्रकार होतात. आई नवी साडी नेसून, इंग्रजीतली चार वाक्ये पाठ करून जाते आणि "तुम्ही काय करता?" या पहिल्याच प्रश्नाला घाम फुटतो. त्याच कायद्याचे कलम १३ सांगते, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही, देणगीही घेता येत नाही. अशी चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढे दरवेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एकट्याने जाऊ नका, मंडळाच्या चार जणी मिळून जा.

लेकराला काय सांगाल

मागच्या वर्षी सहा वर्षांच्या एका पोराने आम्हाला विचारले, "माझा नंबर आला नाही, म्हणजे मी ढ आहे का?" त्याला असे कुणी सांगितले नव्हते. घरात दिवसभर "नंबर, नंबर" चालले होते, त्यावरून त्याने काढलेला हा अर्थ. लॉटरी म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठीत हुशारी मोजली जात नाही. हे त्याला स्वच्छ शब्दांत सांगा. शेजारच्या पोराचा नंबर लागला म्हणून तुलना करू नका. आणि दोघांपैकी कुणाचाही नंबर लागला नाही तरी त्या संध्याकाळी घरात नेहमीसारखा स्वयंपाक होऊ द्या.

७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आज आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. ती शाळा सरकारी होती. पुढे परळच्या चाळीत राहून ते ज्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक झाले, तेही सरकारीच. म्हणून खासगी शाळेतली आपली जागा सोडायची असे नाही. तो हक्क शेवटपर्यंत मागायचा. पण नाही मिळाली तर महापालिकेच्या शाळेत ताठ मानेने नाव घालायचे, रोज पाठवायचे, आणि तिथे शिक्षक कमी असतील तर त्यासाठीही भांडायचे.

स्वतःसाठी एवढे करा

बीपीची, साखरेची गोळी एक दिवसही स्वतःहून बंद करू नका. दवाखान्यात जायला जमत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला चिठ्ठी देऊन गोळ्या मिळतील का, ते तिथे विचारून ठेवा. मीठ, लोणचे, पापड कमी. चहावर जेवण मारू नका. झोपण्याआधी मोबाईल दूर ठेवून पाच मिनिटे श्वासावर लक्ष द्या. आनापान शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको.

बीपी वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दाब, एका बाजूचा हातपाय गळणे, तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे, यातले काही झाले तर थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा सरकारचा मोफत फोन आहे. मराठीत बोलता येते, रात्रीही. हा कमीपणा नाही, उपचार आहे.

त्या आईच्या गोळ्या आता तिची नणंद आणते. मुलाचे नाव प्रतीक्षा यादीत आहे, अजून काही कळलेले नाही. गेल्या रविवारी तिचा बीपी १३४/८६ होता. वहीत आकडा लिहिताना ती म्हणाली, "ताई, यादी लागायची तेव्हा लागेल. पोराला शाळेत सोडायला मी तर पाहिजे ना."