उन्हाळ्याची बरणी दिवाळीत भरायची

दिवाळी अंकासाठी उन्हाळी पेयांवर लिहिते आहे म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला, "आत्ता? स्वेटरं काढायची वेळ झाली!" पण आमच्या विदर्भात उन्हाळ्याची तयारी आत्ताच सुरू होते. धुऱ्यावरच्या अंबाडीला लाल बोंडं धरू लागली आहेत. बाजारात आवळे आले आहेत. आंबिया बहाराचा संत्रा घरोघरी सोलला जातो आणि त्याची सुगंधी साल थेट कचऱ्यात जाते. बोंडं आणि साल एवढ्या दोन गोष्टी आत्ता वाळवून ठेवल्या, तर मे महिन्यात पाहुण्यापुढे ठेवायला असं काही तयार होतं, की त्याच्या पासंगाला बाटलीतलं रंगीत सरबत पुरणार नाही.

माझं आजोळ केळझरचं. सेलू तालुक्यातलं हे गाव नागपूरहून वर्ध्याकडे येताना लागतं. इथलं टेकडीवरचं गणपतीचं देऊळ विदर्भातल्या अष्टविनायकांत मोजलं जातं. जवळच बोरचं जंगल आहे, २०१४ पासून तिथं व्याघ्र प्रकल्प झाला. गावातली जुनी माणसं सांगतात, महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच आणि भीमानं बकासुराला मारलं तेही इथंच. एकचक्रेवर हक्क सांगणारी गावं देशात आणखीही आहेत. मला मात्र ही कथा केळझरचीच वाटते, आणि त्यामागे पन्ह्याचं एक कारण आहे.

सोळाव्या शतकात भावमिश्रानं लिहिलेल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात कैरीच्या पन्ह्याची कृती दिली आहे. कच्ची कैरी पाण्यात शिजवायची, हातानं चांगली मळायची, त्यात साखर आणि गार पाणी घालायचं, कापूर आणि मिरे लावायचे. ग्रंथकार पुढे सांगतो की हे उत्तम पेय भीमसेनानं तयार केलं. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राबलेल्या भीमाला हा मान शोभतो. आपला 'पन्हं' हा शब्दही संस्कृत 'पानक'वरूनच आला आहे. बकासुराच्या गावात भीमाचं पन्हं प्यायचं, यापेक्षा चांगला योग कोणता?

आमच्याकडे मात्र कैरी शिजवत नाहीत, भाजतात. चार मध्यम कैऱ्या चुलीच्या निखाऱ्यात खुपसायच्या. गॅसवर जाळी ठेवूनही जमतं. साल काळी पडून फुटली आणि देठाजवळून रस फसफसायला लागला, की कैरी झाली. गार झाल्यावर साल ओढून काढायची, पण गराला चिकटलेले काळे ठिपके धुऊन टाकायचे नाहीत, धुराची चव त्यातच असते. एक वाटी गराला सव्वा वाटी चिरलेला गूळ, चमचाभर मीठ, भाजून कुटलेलं जिरं आणि अर्धा चमचा भरडलेले मिरे. पेल्यात दोन मोठे चमचे गर आणि वर माठातलं पाणी. ग्रंथातल्या कापराच्या नादाला लागून देवघरातला कापूर मात्र घालू नका. तो बहुतेक कृत्रिम असतो, खाण्याचा नसतो. त्याऐवजी वेलदोडा घाला.

कॉकटेलची पुस्तकं आणि चित्रफिती हल्ली आमच्या भाच्यांच्या हाती आहेत. ताजी फळं, पुदिना, लिंबू घेऊन घरच्या घरी उन्हाळी कॉकटेल कसं करावं, ते त्यांना पाठ आहे. वर्धा जिल्ह्यात मात्र १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, त्या वास्तव्याचा मान म्हणून ही बंदी आली. पुढे १९९३ साली गडचिरोलीत आणि २०१५ साली चंद्रपुरात ती आली. चंद्रपूरची २०२१ साली उठली, वर्ध्याची टिकून आहे. बंदी असूनही दारू येते आणि तिची किंमत घरातली बाई मोजते, हे इथं कुणाला सांगायला नको. मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दारू द्यायची नाही म्हटल्यावर मोठ्या माणसाच्या हातातही आपण नुसतं गोड पाणी देतो. त्याला दोन घोटांत संपवण्यापलीकडे काही उरत नाही.

कॉकटेलमध्ये दारू नेमकं काय करते, ते पाहिलं तर वाट सापडते. ती घशाला चटका देते, वास उचलून धरते आणि पिणाऱ्याला घोट घोट प्यायला लावते. हे तिन्ही गुण आपल्या स्वयंपाकघरात आहेत. चटका आलं आणि मिरे देतात. वास भाजलेली कैरी, पुदिना, जिरं देतात. पेल्यावर रेंगाळायला लावणारा कडू-तुरटपणा संत्र्याच्या सालीत आणि अंबाडीत आहे. साखर या सगळ्यांच्या मागे उभी राहावी, पुढे येऊ नये.

म्हणून अंबाडी. पाल्याची भाजी आणि भाकरी सगळ्यांना ठाऊक, पण तिची बोंडं हा विदर्भाचा ठेवा आहे. फूल गळून गेल्यावर देठाशी मांसल, गर्द लाल पाकळ्यांचं वेष्टन राहतं. तेच आपल्याला हवं. बोंड एका हातात धरून आतली हिरवी गाठ बोथट काडीनं मागून ढकलली की लाल पाकळ्या अख्ख्या सुटून येतात. बोटं गुलाबी होतात, काट्यासारखी बारीक लव टोचते, पण दोन बायका गप्पा मारत बसल्या तर दुपारभरात टोपलं होतं. सावलीत, पातळ कापडाखाली वाळवायची. कडक झाली की काचेच्या बरणीत. संत्र्याची सालही अशीच, आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून, सावलीत वाळवायची.

उन्हाळ्यात एक वाटी वाळकी बोंडं चार वाट्या उकळत्या पाण्यात टाकायची. सोबत आल्याचा ठेचलेला तुकडा आणि सालीच्या दोन पट्ट्या. दहा मिनिटांनी साल काढून टाकायची, नाहीतर कडवटपणा डोक्यावर बसतो. वीस मिनिटांनी गाळायचं आणि गरम असतानाच अर्धी वाटी साखर, चिमूटभर मीठ. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. इतक्या आंबट रसाला तांबं-पितळ नको, ॲल्युमिनियमही नको. रंग माणकासारखा येतो. पेल्यात निम्मा रस, निम्मं पाणी आणि वर पुदिन्याची तळहातावर चापटलेली डहाळी. हे पेय कुणीही एका दमात पीत नाही.

बेलाला घाई चालत नाही. पिकलेलं फळ दगडावर आपटून फोडायचं, गर पाण्यात तासभर भिजू द्यायचा आणि हातानं कुस्करून चाळणीतून गाळायचा. मिक्सरचा मोह टाळा. बियांभोवतीचा डिंक आणि फुटलेल्या बिया मिळून सगळं कडू करून टाकतात. गूळ, सुंठ आणि अगदी शेवटी लिंबाचे चार थेंब.

टरबुजाला तर काहीच करावं लागत नाही. फोडी कुस्करा, गाळा, काळं मीठ आणि लिंबू, पाणी अजिबात नको.

आता पाण्याचं. आमच्या हवेत माठ जितका गार होतो, तितका मुंबईत होत नाही. माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता ओढून नेतं, आणि कोरड्या हवेत ही वाफ भराभर होते. मेमध्ये पारा पंचेचाळिशीपार जातो, तेव्हा हीच कोरडी झळ माठाच्या कामी येते. चवीचंही एक गणित आहे. फार गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, म्हणून बर्फाच्या सरबतात साखर वाढवावी लागते. माठातलं पाणी वापरलं तर त्याच चवीला कमी साखर पुरते, आणि वाळ्याची जुडी टाकलेली असेल तर वेगळा सुगंध लागत नाही.

उन्हातून आलेल्या माणसाला मात्र चवीआधी मीठ हवं. घामावाटे पाण्याबरोबर मीठ जातं, आणि आतड्यात थोडी साखर असली की मीठ-पाणी लवकर शोषलं जातं. लिटरभर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती जलसंजीवनीचं प्रमाण प्रत्येक घरात पाठ असावं. पन्ह्यात मीठ घालणाऱ्या आज्यांना हे न शिकताच कळलं होतं. पण माणूस बरळू लागला, शुद्ध हरपली, अंग तापलं, तर तोंडात काही ओतू नका. अंग ओलं करा, वारा घाला आणि तडक दवाखान्यात न्या.

एका मेमध्ये मी पन्ह्याच्या गराची बरणी ओट्यावरच विसरले. तिसऱ्या दिवशी झाकण फिरवलं तर फस्स आवाज आला, फेस वर चढला आणि स्वयंपाकघरभर वेगळाच आंबूस वास पसरला. फळावरच्या आणि हवेतल्या यीस्टनं गुळाची दारू करायला घेतली होती. पहाटे उतरवलेली नीराही ऊन चढलं की अशीच आंबते, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघानं ताडगुळाचं काम केलं, तेही रस आंबण्याआधी त्याचा गूळ करण्याचंच. 'शरबत' आणि 'शराब' हे दोन्ही शब्द पिणं या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून निघालेत. माझ्या ओट्यावर दोघांमध्ये अंतर होतं ते फक्त तीन दिवसांचं. बरणी ओतून दिली, उकळत्या पाण्यानं धुतली आणि तेव्हापासून गर फ्रिजमध्येच राहतो.

ती बरणी आत्ता स्वच्छ पुसून खिडकीत ठेवली आहे. शेजारच्या परातीत संत्र्याची साल वाळते आहे, आणि मामीचा निरोप आला आहे की धुऱ्यावरची बोंडं पुढच्या आठवड्यात तोडायला या.