डबक्यात गप्पी सोडण्याआधी

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप हमखास येतो : 'टेकडीवर डबकी साचलीत. डेंग्यू वाढायच्या आत गप्पी मासे सोडूया.' यंदा तर दोन उत्साही काका माशांची पिशवी घेऊन पुण्याच्या वेताळ टेकडीकडे निघालेही होते. मी आडवा आलो, तर वर मलाच विचारलं, "तुम्हाला डास आवडतात का हो?"

नाही आवडत. पण डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास टेकडीवर जात नाही, काका. त्याला माणसाची सोबत लागते. पिंप, जुनं टायर, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे ही त्याची बाळंतिणीची खोली. तुंबलेल्या गटारात वाढतो तो क्युलेक्स, आणि त्याच्यामुळे डेंग्यू होत नाही. आता डबक्यात डास होतच नाहीत असं मी म्हणत नाही. पाणी नुकतंच साचलेलं असेल तर काही दिवस होतात. पण मागोमाग पाणभुंगेरे येतात, पाठीवर पोहणारे पाणढेकूण येतात, चतुर अंडी घालून जातात, आणि या सगळ्यांना डासांच्या अळ्या भारी आवडतात. हे काम फुकटात चालू असताना आपण तिथे त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा मासा नेऊन सोडायचा!

'पण गप्पीचा उपयोग सिद्ध झालाय ना?' किती? डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१७ साली आढावा घेतला. काही ठिकाणी पाण्यातल्या अळ्या कमी झाल्याचं दिसलं. मात्र मलेरियाचे रुग्ण त्यामुळे घटले का, हे तपासणारा विश्वासार्ह अभ्यासच हाती लागला नाही. खास गप्पीबद्दलचा एक लेख २०१६ साली 'बायॉलॉजी लेटर्स' या शोधपत्रिकेत आला. त्याचाही सूर असा, की फायद्याचा पुरावा तोकडा आणि परक्या पाण्यात पसरण्याचा धोका मोठा. बंद पडलेल्या कारंज्यात किंवा हौदात खुशाल सोडा. खडकावरच्या डबक्यात नको.

कारण या डबक्यांची सगळी गंमत तिथे मासा नाही यातच आहे. फेअरी श्रिंप नावाचा बोटाच्या पेराएवढा, जवळजवळ पारदर्शक जीव तिथे पोट वर करून पायांच्या अकरा जोड्या हलवत पोहत असतो. कवच नाही, पळण्याचा वेग नाही. माशापुढे त्याचा टिकाव लागणं कठीण. सह्याद्रीतल्या अशाच एका जातीचं वर्णन संशोधक रॉजर्स आणि पाध्ये यांनी २०१४ साली केलं. नाव, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. विज्ञानाला ही जात कळून पुरती दोन दशकंही झाली नाहीत, आणि आपण पिशवी घेऊन निघालो.

'ऑक्टोबरात आटतं ते, त्यात काय जगणार?' आटतं म्हणूनच जगतं. मादीची टणक कवचाची अंडी सुकल्या चिखलात उन्हाळा काढतात. पहिल्या पावसात त्यातली थोडीच फुटतात, बाकीची थांबतात. पाऊस दगा देऊन गेला तरी पुढची खेप शिल्लक. चिखलात अशी वर्षानुवर्षांची पेढी साठलेली असते, आणि वर दोन ट्रॉल्या मुरूम पडला की ती बुडते.

पाण्याबद्दलचे असेच आणखी दोन गैरसमज. नदी जलपर्णीने हिरवीगार दिसली म्हणजे निसर्ग परतला, असं नाही. तीही दक्षिण अमेरिकेचीच आणि सांडपाण्यावर पोसलेली. पाणथळ म्हणजे फक्त पक्षी, असंही नाही. पुण्याजवळच्या कवडीपाटाला कॅमेरे घेऊन जमणाऱ्यांनी शेकाट्या पक्षी चिखलात चोच खुपसून काय शोधतो तेही एकदा पाहावं.

   

राहिला डेंग्यू. आठवड्यातून एकदा घरातली साठवणीची भांडी रिकामी करा आणि आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेशी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी पडून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. काकांना एवढं सांगितलं. पिशवीतले मासे सध्या त्यांच्या फिशटँकमध्ये आहेत.