मणक्याचं कलम

डॉक्टरांनी आईला विचारलं, ‘‘तंबाखू खाता?’’ आईनं ठामपणे ‘नाही’ म्हटलं. ‘‘आणि मिश्री?’’ यावर ती माझ्याकडे बघू लागली. आमच्या घरात मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नाही. भाजलेल्या तंबाखूच्या त्या भुकटीनं सकाळी चुलीपाशी बसून दात घासायचे, एवढंच. डॉक्टरांनी ऑपरेशन दीड महिना पुढे ढकललं. म्हणाले, ‘‘मिश्री सुटली की या. स्क्रू मी आजही बसवीन, पण हाड जुळवणं माझ्या हातात नाही.’’

राजापूरहून कोल्हापूरपर्यंत तिला मागच्या सीटवर निजवून आणलं होतं, त्यामुळे मला तेव्हा त्यांचा रागच आला. आज वाटतं, मणके जोडण्याच्या या शस्त्रक्रियेबद्दल रुग्णाला सांगण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी त्या एका वाक्यात सांगितलं होतं.

आईचा कमरेतला चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता. पन्नाशीनंतर बायकांमध्ये हे बऱ्यापैकी आढळतं. दोन मणक्यांमधली गादी झिजते, मागचे छोटे सांधे सैल होतात, वरचा मणका पुढे घसरतो आणि पायांकडे जाणाऱ्या नसांची वाट अरुंद होते. दहा मिनिटं चाललं की तिचे पाय शिशासारखे जड व्हायचे. गडग्यावर टेकून जरा पुढे वाकली की बरं वाटायचं. गोळ्या, व्यायाम, पाठीतलं इंजेक्शन, सगळं करून झालं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण कंबर दुखते एवढ्यावरून मणके जोडायचे नसतात. मणका अस्थिर आहे आणि नस दबली आहे असं तपासणीत दिसलं, बाकीचे उपाय पुरे पडले नाहीत, तर या शस्त्रक्रियेला अर्थ असतो.

शस्त्रक्रियेत आधी नसांवरचं हाड काढून वाट मोकळी केली. मग दोन्ही मणक्यांत मिळून चार स्क्रू, प्रत्येक साधारण पेन्सिलीएवढा जाड आणि चार-पाच सेंटिमीटर लांब. डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक टायटॅनियमची दांडी. झिजलेली गादी काढली, मणक्यांचे समोरासमोरचे पृष्ठभाग रक्त दिसेपर्यंत खरवडले आणि मधल्या जागेत एक छोटा पिंजरा बसवून त्यात आणि भोवती आईच्याच हाडाचे तुकडे भरले. नसांची वाट मोकळी करताना निघालेलं हाडच त्यासाठी वापरलं.

आमच्याकडे आंब्याच्या झाडालाच कलम म्हणतात, त्यामुळे हे ऐकून आईला फारसं नवल वाटलं नाही. कोय कलम करताना कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवायची आणि पट्टीनं घट्ट बांधायचं. सालीखालचे ओले थर एकमेकांना भिडले तरच जीव धरतो. पट्टीचं काम फक्त हलू न देण्याचं. स्क्रू आणि दांड्या म्हणजे ती पट्टी. फरक इतकाच, की त्या सहसा काढत नाहीत.

ही तुलना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. 1911 साली न्यूयॉर्कमध्ये फ्रेड ऑल्बी आणि रसेल हिब्स या दोन शल्यविशारदांनी, आपापल्या स्वतंत्र पद्धतीनं, मणके जोडण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या. दोघांपुढे रुग्ण होते मणक्याच्या क्षयाचे. क्षयावर औषध नव्हतं, स्क्रूही नव्हते. ऑल्बी मेन राज्यातल्या खेड्यात वाढला आणि झाडांना कलम बांधायला आजोबांकडे शिकला. तो मणक्यांची मागची टोकं उभी चिरून त्या फटीत नडगीच्या हाडाची पट्टी बसवायचा. हे आमचं पाचर कलमच! धातूच्या दांड्या पुढे ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टननं पोलिओनं पाठ वाकलेल्या मुलांसाठी रूढ केल्या आणि आजच्यासारखे स्क्रू पॅरिसमध्ये रॉय-कामीय यांनी 1963 पासून वापरले.

आई दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालली. नातेवाइकांचे फोन सुरू झाले, ‘‘ऑपरेशन सक्सेसफुल ना?’’ खरं उत्तर देता येत नव्हतं. हाड जुळल्याच्या खुणा एक्स-रेत दिसायला तीन ते सहा महिने लागतात, पक्कं व्हायला वर्ष किंवा त्याहून जास्त. तोवर प्रत्येक पावलाचा भार धातूवर येत असतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच इथेही होतं. हाड वेळेत जुळलं नाही तर स्क्रू सैल होतात, दांडीही तुटू शकते. मिश्रीचा प्रश्न इथला आहे. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, नव्या हाडाला रक्त कमी पोचतं. धूम्रपान करणाऱ्यांचे मणके जुळायला अडचण येते हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक आहे. पण आपल्या बायकांना ‘सिगारेट ओढता का’ विचारून काय उपयोग?

घरी आल्यावर खरी परीक्षा. वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, जड उचलायचं नाही. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हातावर भार देऊन बसायचं. चालणं मात्र रोज वाढवायचं, कारण हाड भार मिळेल तिथेच घट्ट होतं. घरात उरलेल्या जुन्या दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. त्यांतल्या काही हाडाची वाढ मंदावू शकतात. ताप, जखमेतून पाणी, पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांपैकी काही दिसलं तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

पाळायला हे सोपं नव्हतं. चौथ्या आठवड्यात आई मला विहिरीवर सापडली, हातात भरलेली कळशी. ‘‘दुखत नाही आता,’’ म्हणाली. दुखणं थांबतं ते नस मोकळी झाल्यानं, हाड जुळल्यानं नव्हे. हे तिला नव्हे, आम्हाला कळायला हवं होतं. कळशी उचलायला दुसरं कुणी उभं नव्हतं म्हणूनच तिनं ती उचलली होती. त्या दिवसापासून पाणी बाबा भरू लागले, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. ओटा उंच केला, संडासात कमोड बसवला.

सहा महिन्यांनी पुन्हा कोल्हापूर. पुढे वाकून एक आणि मागे झुकून एक असे एक्स-रे काढले. दोन्हींत ते दोन मणके जागचे हलले नव्हते, मध्ये धुरकट पांढरा पूल दिसत होता. जोडलेल्या मणक्यांचा भार आता शेजारच्यांवर जाईल, तेव्हा पाठीचे व्यायाम जन्मभर, असं डॉक्टरांनी बजावलं. आईनं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, ‘‘धरलं ना कलम?’’