खूण पटली म्हणजे जागा सापडली का?

फॉरेस्ट फेन हे अमेरिकेतल्या सांता फेमधले कलावस्तूंचे व्यापारी. त्यांनी सोन्याची नाणी आणि दागिने भरलेली पेटी रॉकी पर्वतात लपवली आणि २०१० साली आपल्या आत्मचरित्रात चोवीस ओळींची एक कविता छापली. कवितेत नऊ खुणा आहेत, त्या क्रमाने नकाशावर लावा, पेटी तुमची! हजारो लोक नकाशे पसरून बसले. पेटी २०२० मध्ये वायोमिंग राज्यात सापडली. तोपर्यंत शोधाच्या नादात किमान पाच जणांचा जीव गेला होता.

आपला प्रश्न पेटीचा नाही. एवढ्या लोकांना ‘माझीच जागा बरोबर’ असं इतक्या खात्रीने का वाटलं, हा आहे. पहिलीच खूण कोमट पाण्याची, आणि रॉकीत गरम झऱ्यांना तोटा नाही.

करूनच बघू. मी एक खूण रचते: ‘पाण्याकाठी देव, पाठीशी डोंगर.’ आता आपल्याकडचा नकाशा उघडा. अंबरनाथचं शिवमंदिर वालधुनीच्या काठी, लांबवर मलंगगड. पटलं. बदलापूरजवळचं कोंडेश्वर: देऊळ, धबधबा, कुंड, डोंगर. हेही पटलं. उल्हास नदीकाठचं एखादं छोटं देऊळ घ्या, पाऊस उघडल्यावर तिथूनही कुठला ना कुठला डोंगर दिसतोच. म्हणजे ही खूण पटायला फारसं काही लागतच नाही. आता तिला ‘पायऱ्या उतरून गाभारा’ एवढं जोडा. अंबरनाथचा गाभारा मंडपापेक्षा खाली आहे, वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. लगेच बरीच देवळं गळाली. जागा गाळते ती खूण कामाची.

नकाशा कुठल्या काळचा, हेही बघावं लागतं. उल्हासनगर हे नाव १९४९ चं. त्याआधी तिथे कल्याणचा लष्करी कॅम्प होता, फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे वसले. ‘कॅम्प चारला राहतो’ असं लोक अजून म्हणतात. १९४५ च्या कागदात ‘उल्हासनगर’ शोधत बसलात तर हाती काही लागायचं नाही.

आता खरा खजिना, आपल्या दारातला. अंबरनाथच्या देवळात उत्तरेकडच्या दारावर शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजींनी त्यातला शक ७८२ वाचला, म्हणजे इ. स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच आकडा ९८२ वाचला, म्हणजे १०६०. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षं पुढे सरकलं! दगड झिजलेला, नुसतं डोळे ताणून हा वाद मिटवणं अवघड. पण लेखात शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे (लेखात ते ‘मम्वाणि’ असं येतं), आणि मुम्मुणीचा भाऊ छित्तराज याचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे १०२६ चा. भाऊ १०२६ मध्ये राज्य करतोय आणि हा ८६० मध्ये देऊळ बांधतोय, हे कसं जमणार? इथे पुरावा लेखाच्या बाहेरून आला. फेनच्या कवितेवर झुंबड उडाली तेव्हा बहुतेकांकडे कविता आणि नकाशा एवढंच होतं, दोन्ही आपल्याला हवं तसं वाकवता येणारं.

(कुणी खरंच कुदळ घेऊन निघणार असेल तर आधी १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा वाचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.)

माझ्या वहीत प्रत्येक अर्थासमोर एक रकाना असतो: ‘हे कशाने मोडेल?’ तो नकाशा उघडायच्या आधी भरायचा. नंतर भरला तर आपण नकळत सोयीचंच लिहितो. सध्या त्यातल्या तीन जागा कोऱ्या आहेत, आणि गाईड मॅडम वही हातात घेतल्यावर नेमकं तिथेच बोट ठेवतात.